तांदळातलं नाव

आमच्या घरात दिवस कांद्याच्या वासाने सुरू व्हायचा आणि त्याच वासाने मावळायचा. पंचवटीत, नदीकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत आमचं घर होतं. पुढे चिवड्याचं दुकान, मध्ये दोन खोल्या आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली अण्णांची भट्टी. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं आडनाव गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. दुकानाच्या पाटीवर लाल अक्षरांत ‘दामोदर चिवडा’ लिहिलेलं होतं आणि गावाला तेवढं पुरत होतं. मोठ्या कढईत पोहे पडले की सर्रकन आवाज यायचा, मग झाऱ्याची कडेवर टकटक, मग चाळणीची खसखस, आणि या सगळ्यावर आईचं ‘अगं दार लाव, धूर घरात येतोय’ हे पालुपद. कांदा आधी उभा चिरून उन्हात सुकवलेला असायचा. तो तेलात सोडला की अण्णा बोलायचे थांबत आणि मान थोडी वाकडी करून ऐकत राहत. कांद्यातलं पाणी संपत आलं की तेलाची चरचर मंदावते, आवाज पातळ होतो, आणि तेवढ्यात कांदा उपसला तर गुलाबी कुरकुरीत, नाहीतर कडू. मी शाळेत जाताना डोक्याला कितीही तेल चोपडलं तरी माझ्या वेणीला त्या कांद्याचाच वास यायचा. वर्गात शिरले की मागच्या बाकावरच्या मुली नाक वर करून म्हणायच्या, ‘चिवडा आला गं.’

नाव माझं गोदावरी. घरी गोदू, गल्लीत गोदी. नाशकात जन्मलेल्या मुलीचं हे नाव ठेवायला फार डोकं लागत नाही आणि माझ्या वेळी ते कोणी लावलंही नव्हतं. गंमत अशी की खुद्द नदीला आमच्या गावात कोणी गोदावरी म्हणायचं नाही. माणसं गंगेवर जातात, गंगेला पाणी चढतं, बाजार गंगेवर भरतो. म्हणजे जिचं नाव आहे तिला त्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं आणि माझ्या गळ्यात मात्र ते अडकवून ठेवलेलं. पावसाळा आला की मुलं विचारायची, ‘गोदे, पूर ओसरला का?’ मला ते नाव कधीच आवडलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की या बाईचा आपल्या नावावर फार जीव होता. तसं काही नव्हतं, आणि सगळी अडचण तिथेच झाली.

अण्णांना ‘मी कोण’ हे खूळ कुठून लागलं हे मी त्यांच्याच तोंडून कितीदा तरी ऐकलं आहे. सिंहस्थाला आलेला एक बैरागी मेळा उठला तरी मागे राहिला होता आणि दुपारी आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. अण्णा त्याला पुडीभर चिवडा द्यायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, “महाराज, आप किस गाँव के?” त्याने चिवडा चावत उलट विचारलं, “पूछनेवाला कौन है?” अण्णा म्हणाले, “मैं, दामोदर.” “वो तो बोर्ड पर लिखा है,” तो म्हणाला, “मैं तुझे पूछ रहा हूँ.” एवढं बोलून त्याने पुडीचा कागद झटकला आणि गेला, तो परत कधी दिसला नाही. तो गेला, पण हे त्या पायरीवरून उठलेच नाहीत, असं आई म्हणायची. अण्णा देवळात फारसे जात नसत, पोथी वाचत नसत, उपास तर त्यांना अजिबात जमत नसे. त्यांच्याकडे हा एकच प्रश्न होता आणि तो विचारायला त्यांना घरात मी सापडले. धाकटा भाऊ वसंता भट्टीच्या धुराला कंटाळून बाहेर पळायचा. मी पोहे चाळायला बसायची.

“पोहे कोण चाळतंय?” अण्णा विचारायचे.

“मी.”

“चाळतायत ते हात. हात म्हणजे तू का?”

“हात माझे आहेत.”

“माझे म्हणतेस, मग तू त्यांच्याहून निराळी झालीस. तू कुठे बसलीयस?”

“डोक्यात.”

“डोकं दुखतं तेव्हा ते दुखतंय हे कोणाला कळतं?”

“मला.”

“तीच. ती कुठाय ते सांग, म्हणजे आज चाळणी मी घेतो.”

मी डोळे मिटून शोधायची. डोळ्यांच्या मागे, छातीत, घशात, जिथे शोधावं तिथे शोधणारीच आधी जाऊन उभी. अण्णा हसायचे आणि चाळणी माझ्याच हातात राहायची. इतर मुली लगोरी खेळल्या, मी हे खेळले. पण लगोरी खेळून मुली घरी जातात आणि झोपतात. माझ्या डोक्यात हे पायात रुतलेल्या काट्यासारखं ठणकत राहायचं. जेवताना विचारायची, घास कोण गिळतंय. भूगोलाच्या तासाला विचारायची, नकाशा कोण बघतंय. आरशासमोर इतका वेळ उभी राहायची की आई येऊन आरसा भिंतीकडे तोंड करून टांगायची. “तुम्हा बापलेकीला वेळ आहे म्हणून मी कोण विचारत बसता,” ती म्हणायची. “मला कांदे चिरायचेत. ते कोण चिरतंय ते मला पक्कं ठाऊक आहे.”

एका संध्याकाळी मी घाटाच्या पायरीवर बसून स्वतःचंच नाव पुटपुटायला लागले. गोदावरी, गोदावरी, गोदावरी. समोर बाहेरगावचे लोक द्रोणात दिवे सोडत होते, मागे कोणीतरी कपडे आपटत होतं. म्हणता म्हणता त्या शब्दातला अर्थ झडून गेला. नुसता एक आवाज उरला, आणि मग एकदम असं झालं की तो आवाज कोणाचा आहे हेच कळेना. दिवे दिसत होते, कपडे आपटल्याचं ऐकू येत होतं, पण बघणाऱ्या जागी कोणी नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही, बहुधा अगदी थोडा. मी अशी घाबरले की एक चप्पल घाटावरच टाकून घरी पळत आले. अण्णांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. “अगं मग पळालीस कशाला? तिथेच थांबायचं होतं.” आईने काही न विचारता ताटात गरम भाकरी आणि पिठलं वाढलं, माझ्या हातात घास दिला आणि म्हणाली, “आधी खा. मग तुझी चप्पल शोधायला जाऊ.” चप्पल मिळाली नाही.

आता मी सत्तरीला टेकले आहे आणि या विषयाला भलताच बाजार आला आहे. माझी सून कानात यंत्र घालून पोळ्या लाटते, त्यात एक मऊ आवाजाचा मुलगा सांगत असतो की तुम्ही शरीर नाही, मन नाही, तुम्ही नुसती जाणीव आहात, श्वास सोडा. ती म्हणते, आई, याने फार शांत वाटतं. वाटत असेल. मला या प्रश्नाने आयुष्यात एकदाही शांत वाटलं नाही. मला कायम असं वाटत आलं की घरात काहीतरी चालू ठेवून आपण बाहेर पडलो आहोत, गॅस किंवा नळ, आणि परत जाऊन बघितल्याशिवाय चैन पडणार नाही. बघायला गेलं की घरच सापडत नाही. असो, सांगत होते ते लग्नाचं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा येवल्याहून स्थळ आलं. मुलगा वीज मंडळात, नाव सुधाकर. बघायला आला तेव्हा त्याने मला स्वयंपाक येतो का असं न विचारता कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून काय करता असं विचारलं. मी म्हटलं, सवय करतो. तो हसला आणि मला आवडला. घरी त्याची आई आणि विधवा आत्या, आणि कारभार सगळा आत्याबाईंचा. सुपारी फोडायला माणसं आमच्या मधल्या खोलीत दाटीवाटीने बसली होती. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आत्याबाईंनी बशीतला चहा फुंकून संपवला आणि म्हणाल्या, “नाव मी काढून ठेवलंय बरं का. मीनल. लय गोड हाय. सुधाकरच्या नावाशी चांगलं दिसंल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्या मुलीचं नाव बदलायचं ही तेव्हा विचारायची गोष्टच नव्हती. लक्ष्मीपूजनाला नवरा तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, साखर वाटतात, झालं. मला हे ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, “पण मला नाव आहे ना.”

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. सुधाकर माझ्याकडे बघायला लागला आणि त्याची आई जमिनीकडे. तेवढ्यात अण्णा मोठ्याने हसले. “अहो, आमची गोदू वेदान्ती आहे. मनावर घेऊ नका.” मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गोदू, नाव म्हणजे तू का? पोहे चाळताना काय बोलतो आपण? एक नाव गेलं, दुसरं आलं, बघणारी तर तीच राहते.”

“वा,” कोणीतरी म्हणालं. “व्याही ज्ञानी आहेत,” दुसरं कोणी म्हणालं. आत्याबाई खूश झाल्या, सुपारी फुटली, पेढे फिरले. माझे कान तापले होते. मी ट्रे घेऊन आत गेले आणि तो ओट्यावर इतक्या जोरात ठेवला की एका कपाचा कान तुटला. मला अण्णांचा राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदा, आणि असा की त्यांच्याकडे बघवेना. ते वाक्य आमचं होतं. भट्टीपाशी आम्ही त्याच्याशी झटायचो, त्याला उत्तर नसायचं, म्हणून तर ते जिवंत होतं. तेच वाक्य त्यांनी बाहेर चारचौघांत मला गप्प करायला वापरलं होतं.

पुढचे दिवस माझे फार वाईट गेले. काम हातात धरवत नव्हतं, पोहे चाळताना चाळणीबाहेर सांडत होते. माझी मुख्य पंचाईत अशी होती की माझ्याकडे रागाला कारण नव्हतं. गोदावरी हे नाव मला आवडत नव्हतं. मीनल हे नाव चांगलं होतं, वर्गात एक मीनल होती आणि मला तिचा हेवा वाटायचा. नाव म्हणजे मी नव्हे हे मला इतर कोणापेक्षा जास्त पटलेलं होतं, घाटावर तर ते माझ्या डोळ्यांसमोर झडून पडलं होतं. मग हा राग कोणाला आला? कोणाचं काय हिसकावलं जात होतं? इतकी वर्षं मी हा प्रश्न खेळ म्हणून विचारला होता. आता तो मला खरोखर पडला, आणि शोधायला गेले की आत राग आगीसारखा धगधगत होता, पण ज्याला आला तो सापडत नव्हता. सापडत नाही म्हणून राग कमी होईल असं मला वाटलं होतं. तोही होईना.

आईला मी एकदा कांदे वाळत घालताना विचारलं, “तुझं नाव आधी काय होतं?”

“ठकू.”

“आणि इथे आल्यावर रमा.”

“हो. पहिलं वर्षभर कोणी रमा म्हणून हाक मारली तरी मी मागे वळून बघत नव्हते. मला वाटायचं, दुसऱ्या कोणाला बोलावतायत. तुझी आजी सगळ्यांना सांगायची, पोरगी दिसायला बरी आहे पण कानाने अधू दिली.” आई हसली. मग चिरलेला कांदा उलटत म्हणाली, “वैद्याकडे नेलं होतं मला. कानात तेल सोडलं त्याने.”

“तू सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? ठकू म्हणा म्हणू? मग वळायला लागले हळूहळू.”

मी तिथून उठले ती सरळ दुकानात गेले. अण्णा गल्ल्यावर बसले होते. मी म्हटलं, “बबन, चहा झालाय.”

अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं. “कोण बबन?”

“तुम्ही. नाव म्हणजे तुम्ही का?”

ते खो खो हसले, मांडीवर थाप मारली. “परीक्षा घेतेस होय? घे.” आणि खरोखर, सुरुवातीला त्यांना मजाच वाटली. मी बबन म्हटलं की ते ओ द्यायचे, शेजारच्या हारवाल्याला सांगायचे, आमची पोरगी आम्हाला तावूनसुलाखून घेतेय. वसंताही बबनअण्णा म्हणायला लागला. पण मी थांबले नाही. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, बबन, तेल संपलंय. बबन, तुम्हाला कोणी भेटायला आलंय. हळूहळू त्यांचं हसू आखडत गेलं. ओ द्यायला ते वेळ लावायला लागले. मला ते दिसत होतं आणि खरं सांगते, बरं वाटत होतं.

मग एक दिवस घोटीचा एक व्यापारी आला. त्याच्याकडे लग्न होतं आणि त्याला पोत्यांनी चिवडा हवा होता. अण्णा मागे भट्टीवर होते, कांदा नुकताच तेलात पडला होता. तो माणूस अंगणाच्या दारात येऊन म्हणाला, “दामोदरशेठ कुठायत?”

मी चाळणीवरून मान वर न करता म्हटलं, “दामोदर इथे कोणी नाही. हे बबन.”

तो गोंधळला. “मग शेठ कुठं गेले? लय लांबून आलोय ओ.”

“गोदू, पुरे,” अण्णा म्हणाले.

“बबन, त्यांना पाणी देऊ का?”

“पुरे म्हणतोय ना,” अण्णा ओरडले. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. झारा त्यांनी कढईच्या कडेवर आपटला. “दामोदर आहे मी. दामोदर. बाहेर पाटी आहे. या गावात माझं नाव आहे.”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो, आणि तेवढ्यात मागे तेलाचा आवाज बदलला. तो आम्हा दोघांनाही ऐकू आला असणार, निदान मला तरी आला, पण हललं कोणीच नाही. कडवट धूर उठला. आई धावत आली, अण्णांच्या हातातला झारा काढून घेतला आणि काळा पडलेला कांदा उपसून परातीत टाकला. व्यापारी खोकत बाहेर गेला. “झालं का दोघांचं ज्ञान?” आई म्हणाली. त्या जळक्या कांद्याचा वास गल्लीभर पसरला आणि शेजारणी एकेक करून काय झालं म्हणून विचारून गेल्या.

संध्याकाळी अण्णा दुकान लवकर बंद करून बाहेरच्या पायरीवर बसले, बैरागी बसायचा त्याच जागी. मी जाऊन शेजारी बसले.

“मला राग आला, गोदू.”

“दिसला.”

“कोणाला आला ते तेव्हापासून बघतोय. सापडत नाही. पण आला हे खरं.” मग म्हणाले, “त्या दिवशी बैठकीत जे बोललो ते मला कळलंय म्हणून बोललो नाही. त्या बाईंनी बशी खाली ठेवली ना, तेव्हा भीती वाटली. स्थळ हातचं जाईल म्हणून. तोंडात दुसरं काही आलं नाही, हेच आलं.” त्यांनी डोळे पुसले. “उद्या येवल्याला जातो. सांगतो त्यांना, मुलीचं नाव बदलायचं नाही. सांगू?”

हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. मला एकदम वाटलं की हे आपल्याला बघायला मिळायला हवं. भट्टीपाशी नाव नाही, हात नाही, डोकं नाही असं म्हणणं सोपं आहे. इथे खरोखरच कोणीतरी माझं नाव पुसणार होतं. पुसल्यावर काय उरतं? “नको,” मी म्हटलं. “मला बघायचंय.” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं नाही, काळजी दिसली. आज मला वाटतं, त्यांना जाऊ द्यायला हवं होतं. नाव म्हणजे मी नव्हे हे एक, आणि माझ्या नावाला दुसऱ्याने हात लावायचा नाही हे वेगळंच. या प्रश्नाचं वेड लागलेली माणसंच या दोन गोष्टींची अशी सरमिसळ करतात. आई कधी करणार नाही. माझ्या मुलीच्या लग्नात मी तांदळाचं ताट येऊच दिलं नाही.

लग्न लागून आम्ही येवल्याला पोचलो त्याच दिवशी संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ ओतले. सुधाकरने तळव्याने ते सपाट केले आणि अंगठीच्या कडेने लिहायला घेतलं. वीज मंडळातलं अक्षर, नीटनेटकं, पण तांदूळ ओघळून पहिल्या अक्षराची वेलांटी बुजली. आत्याबाई म्हणाल्या, “पुसून परत लिही, अपशकुन नको.” त्याने पुन्हा हात फिरवला. त्या वेळी ताट कोरं होतं. जुनं नाव दारातच राहिलं होतं, नवं अजून यायचं होतं. मी बघत होते, श्वास धरून. आणि पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि खाली काही नसावं, तसं झालं. तांदूळ होते, समईचा उजेड होता, सुधाकरच्या हाताचा घामट वास होता, आणि बघणं होतं. घाटावर मी पळाले होते. इथे पळायला जागा नव्हती, शालूची गाठ त्याच्या उपरण्याला होती. म्हणून थांबले. आनंद वगैरे काही झाला नाही. नुसतं थांबले.

मग त्याने लिहिलं. कोणीतरी साखर पुढे केली आणि म्हणालं, “मीनल, घे.” मी हलले नाही. “मीनल, अगं घे ना.” मी त्या ताटाकडेच बघत होते. मागून आत्याबाई कोणाला तरी म्हणाल्या, “पोरगी कानानं बरी हाय ना? बघितलं होतं का नीट?” बायका हसल्या, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माहेर आठवलं असेल म्हणून कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. मला आठवली होती ती ठकू, कानात तेल सोडून घेणारी.

मागच्या वर्षी बँकेत गेले होते. जुन्या ठेवीवर एक नाव आणि आधारवर दुसरं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजी, गोदावरी आणि मीनल ही एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र लागेल.” मी म्हटलं, “बाळा, ती व्यक्तीच तर मी जन्मभर शोधतेय.” त्याने पुढचा नंबर पुकारला.

येवल्याच्या त्या पहिल्या दिवसांत मी सारखी उशिरा वळायची. हाक यायची, मी भाजी निवडत बसलेली, मग कोणीतरी खांद्याला हात लावायचं. रागावत कोणी नव्हतं, सासूबाई तर गरीब होत्या, पण मला वाटायचं मी या घरात अजून पोचलेच नाही. तिथून निघालेली जी कोण होती ती आणि इथे आलेली जी कोण होती ती, दोघींची कुठेतरी एसटी स्टँडवर चुकामूक झाली आहे. तिथला मसाला वेगळा, तिथले तांदूळ जाड, तिथे कांदा चिरला तरी कोणी तळायच्या आवाजाकडे कान देत नव्हतं. मी ओट्यापाशी उभी राहून नखं कुरतडायची. मग सासूबाई म्हणाल्या की पाचपरतावणाला उद्या माहेरून तुला न्यायला येतील, त्यांना लक्ष्मीपूजनाच्याच तांदळाचा भात वाढायचा, आमच्याकडे तशी रीत आहे. वसंता येईल असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते तांदूळ पातेल्यात घेऊन धूत होते. नाव केव्हाच मोडलं होतं, डब्यात ओततानाच. पाणी पांढरं होत होतं. बाहेर कडी वाजली आणि आत्याबाईंनी ओसरीवरून विचारलं, “कोण हाय?”

“नाशिकहून बबन आलाय म्हणावं.”

माझे हात पाण्यात तसेच राहिले.

“बबन?” आत्याबाई म्हणाल्या. “आमच्यात बबन कोणी नाय ओ. कोणाकडं आला तुम्ही?” मग दार उघडल्याचा आवाज, आणि त्यांचा एकदम खाली आलेला स्वर. “अगं बाई, व्याही तुम्ही होय. दामोदरशेठ. मग बबन काय म्हणता?”

“घरात म्हणतात तसं,” अण्णा म्हणाले. “या घरी यायचं तर याच नावाने यायचं असं ठरवलं होतं.”

मी ओल्या हातांनी ओसरीवर आले. अण्णा टोपी काढून उभे होते, काखेत चिवड्याचा डबा, बसच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यांनी मला पाहिलं. आत्याबाई आता ते मला काय म्हणून हाक मारतात याची वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या. अण्णांनी काहीच हाक मारली नाही. नुसते बघत राहिले, कांदा तेलात सोडल्यावर ऐकत राहायचे तसे, मान थोडी वाकडी करून. मी पण बघत राहिले.

जेवायला बसल्यावर मी भात वाढायला वाकले आणि हळूच म्हटलं, “अण्णा, ते याच तांदळात लिहिलं होतं.” त्यांनी ताटाकडे पाहिलं, वरण कालवलं आणि पहिला घास सावकाश चावून खाल्ला. “कसा झालाय भात?” आत्याबाईंनी विचारलं. “बरा झालाय,” ते म्हणाले, “अजून वाढा थोडा.” मी आणखी वाढला आणि त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “पोटभर जेवा, बबन.” अण्णांना ठसका लागला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मग माझ्याही. सासूबाई पाणी आणायला धावल्या. काय झालं, कोणाला काय झालं, आत्याबाई पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आणि आम्हा दोघांनाही सांगता येईना.